परागकणांच्या मोसमात खाण्यापिण्याने शिंका कमीजास्त होतात का? (शिंकणाऱ्यांनो, या!)

शिंकेश्वर
मंडळी, गेली सहा वर्षं झाडं फुलोऱ्यावर आली की माझं नाकही फुलोऱ्यावर येतं. उठल्याउठल्या सटासट शिंका (काल मोजल्या, सलग चौदा), डोळ्यांत चिमूटभर वाळू टाकल्यासारखी चुरचुर, दुपारी एक नाकपुडी बंद आणि दुसरीला गळती. पाच-सहा आठवडे हा सोहळा चालतो आणि मग आपोआप आवरतो. परागकणांची अ‍ॅलर्जी आहे हे डॉक्टरांनी सांगून झालंय. फेक्सोफेनाडिनची गोळी चालू आहे. सकाळी संत्र्याच्या रसाबरोबर गिळतो आणि कामाला लागतो. पूर्वी बरी लागू पडायची, हल्ली तिचं-माझं पटत नाही.

पण धागा काढला तो हितचिंतकांमुळे. एक म्हणतो दूध सोड, कफ होतो. दुसरी म्हणते दही सोड. तिसऱ्याने केळं काढून घेतलं, चौथ्याने गहू. शिवाय मध खा, हळद खा, कच्चा कांदा खा. सगळ्यांचं ऐकलं तर मोसम संपेपर्यंत मीच उरणार नाही.

तर ज्यांना हा त्रास आहे त्यांनी स्वतःचा अनुभव लिहा. काय खाल्ल्याने किंवा सोडल्याने नाकाला खरोखर फरक पडला? 'आमच्या शेजारणीच्या भावाला पडला' हे धरलं जाणार नाही.

अवांतर: यंदा सफरचंद खाल्लं की टाळूला खाज सुटते. सालीवर काहीतरी फवारलेलं असावं. चोळून धुतलं तरी तेच.

भोचकभवानी
मी पयली! पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. मधवाले विरुद्ध हळदवाले सामना कधी सुरू होतोय?

मधुमालती
सुरू करतेच. मी तीन वर्षं मोसमात रोज दोन चमचे मध घेते. आसपासच्या फुलांचाच हवा, आणि कच्चा, म्हणजे न तापवलेला. त्यात त्याच भागातले परागकण असतात, ते थोडेथोडे पोटात गेले की शरीराला सवय होते. लशीसारखंच. मला फरक आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी गोळ्या खाव्यात.

कडूकारलं
मधुमालतीताई, मध गोड आहे, तर्क तेवढा गोड नाही. आपल्याला शिंकवतात ते वाऱ्यावर उडणारे परागकण: गवतं, तणं, बर्चसारखी झाडं. त्यांची फुलं दिसायलाही धड नसतात. रंग नाही, वास नाही, कारण मधमाशीला बोलवायचंच नसतं, वारा फुकटात काम करतो. मधमाश्या जातात त्या रंगीत, मधाळ फुलांवर. त्यांचे परागकण जड आणि चिकट, माशीच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे तरंगत नाहीत. म्हणजे तुमच्या चमच्यात मुख्यतः भलत्याच झाडांचे कण आहेत. भांडण एकाशी आणि समेटाची बोलणी दुसऱ्याशी.

2002 साली अमेरिकेत कनेटिकटमध्ये हे तपासून झालंय. 36 जणांचे तीन गट केले. एकाला स्थानिक कच्चा मध, दुसऱ्याला गाळलेला, पाश्चराइज केलेला मध, तिसऱ्याला मधाचा स्वाद घातलेला मक्याचा पाक. मधाच्या कुठल्याच गटाला पाकवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही.

मधुमालती
36 माणसं म्हणजे काय अभ्यास झाला का? मलेशियातल्या एका अभ्यासात मधाने फायदा दिसला होता, तो सोयीस्कर विसरलात.

कडूकारलं
विसरलो नाही. 2013 चा. त्यात मधाचं प्रमाण होतं वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम, रोज, चार आठवडे, आणि वर लोराटाडिन ही अ‍ॅलर्जीची गोळी. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. तुमचे दोन चमचे कुठे आणि ते कुठे. आणि लस म्हणाल, तर परागकणांची खरी लस 1911 पासून आहे. लिओनार्ड नून या ब्रिटिश डॉक्टरांनी गवताच्या परागकणांचा अर्क मोजूनमापून, वाढत्या मात्रेत टोचला. मुद्दा मोजण्याचा आहे. बरणीत किती कण आणि कुणाचे, हे माशीलाही ठाऊक नसतं.

आडवातिडवा
दोघांच्या मध्ये पडतो. मधुमालती, तुम्हाला बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे, फक्त श्रेय मधाचं का हा प्रश्न आहे. आपण उपाय कधी सुरू करतो? त्रास शिगेला पोचला की. शिगेनंतर काय येतं? उतार. त्या काळात मध खा, नाहीतर डोक्यावर पातेलं ठेवून बसा, दोन आठवड्यांत फरक दिसणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्यात मध्येच पाऊस पडून हवा धुतली गेली तर कावळ्याचा जाहीर सत्कार होतो.

त्यामुळे या धाग्यावरच्या प्रत्येक 'मला फरक पडला'पुढे मी मनातल्या मनात विचारणार: त्या आठवड्यात हवेत काय होतं?

निवांत_नाक
+१. आणि उलटंही होतं. मोसम पुढे सरकतो तसं नाकाचं अस्तर इतकं चिडलेलं असतं की सुरुवातीला जेवढ्या कणांनी काही व्हायचं नाही तेवढ्याने नंतर धिंगाणा होतो. मग त्या दिवशी जे खाल्लं असेल त्याच्यावर आळ.

चष्मेवाली
शिंकेश्वर, तुमची खरी गोष्ट अवांतरात आहे आणि लोक मधात अडकलेत. फवारणीचा दोष नसावा.

मला चार वर्षांपूर्वी हेच सुरू झालं. हिरवट, करकरीत सफरचंद, सालासकट. पहिले दोन-तीन घास काही नाही. मग वरच्या ओठाच्या आतून मुंग्या, मग टाळू, आणि मग कानाच्या आत कुठेतरी अशी खाज, की जिथे बोट काही केल्या पोचत नाही. जीभ टाळूवर घासून टॉक-टॉक करत बसले होते. लेक म्हणाली, "आई, घोडा झालीस का?" ओठ किंचित जाड वाटत होते, आरशात बघितलं तर तसे दिसत नव्हते. वीसेक मिनिटांत सगळं ओसरलं.

उरलेलं अर्धं टाकवेना म्हणून चिरून, पाण्याचा शिपका मारून, लगदा होईस्तोवर शिजवलं. गार करून आधी अर्धा चमचा, मग भीत भीत वाटीभर. काही म्हणजे काही झालं नाही. तेच फळ, तोच दिवस!

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, बर्चच्या मोसमात आलात ना? तपासणीत बर्चच निघाला. तुमच्याकडे आहे का बर्च?

शिंकेश्वर
खिडकीसमोर तीन उभे आहेत. मला वाटायचं किती देखणी झाडं.

पेशीपुराण
(पेशाने डॉक्टर. इथे कुणाची तपासणी करत नाही, नियम समजावतो.)

चष्मेवालींनी वर्णन केलं त्याला ओरल अ‍ॅलर्जी सिंड्रोम किंवा परागकण-अन्न अ‍ॅलर्जी म्हणतात. बर्चच्या कणात बेट व्ही १ नावाचं प्रथिन असतं. शरीराने त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. सफरचंदात माल डी १ नावाचं प्रथिन असतं, चेहरेपट्टी अगदी त्याच्यासारखी. पहाऱ्यावरच्या पेशी भावाला चोर समजून धरतात, हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सुटतं, तोंडाला खाज. हे प्रथिन नाजूक आहे. शिजवलं की मोडतं, जठरातल्या आम्लातही मोडतं, म्हणून तमाशा बहुतेक वेळा तोंडापुरताच राहतो.

बर्चवाल्यांना सफरचंदाबरोबर नासपती, चेरी, पीच, गाजर, सेलरी, हेझलनट यांचा त्रास होऊ शकतो. रॅगवीड या तणाची अ‍ॅलर्जी असेल तर खरबूज, कलिंगड, केळं, काकडी. गवतवाल्यांना कधी टोमॅटो, कधी खरबूज. सगळ्यांना सगळं बाधत नाही, त्यामुळे ही यादी बघून जेवण सोडू नका. जे खाऊन काही होत नाही ते खुशाल खा. सफरचंदाच्या जातीजातीतही फरक असतो. गोल्डन डिलिशस बऱ्याच जणांना बाधतं, सँटाना त्या मानाने सौम्य.

आता चष्मेवालींना थोडं रागावतो. घरच्या घरी असा प्रयोग प्रत्येकाने करू नये. पीचमध्ये लिपिड ट्रान्सफर प्रथिन नावाचा दुसरा प्रकार असतो, तो शिजवूनही टिकतो आणि जोरदार प्रतिक्रिया देऊ शकतो. सेलरी शिजवली तरी काहींना बाधते. बर्चवाल्यांनी सोया दुधाचा मोठा पेला एका दमात प्यायल्यावर गंभीर प्रतिक्रिया आल्याची उदाहरणं आहेत. सुकामेव्याशी तर खेळूच नये. खाज तोंडाबाहेर गेली, म्हणजे अंगावर गांधी, घसा आवळणं, धाप, उलटी, भोवळ, तर धाग्यावर विचारत बसू नका, तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, अँटिहिस्टामिनने भागत नाही.

चष्मेवाली
रागावणं मान्य. माझ्या डॉक्टरही हेच बोलल्या होत्या, जरा जास्त आवाजात.

खमंगा
म्हणजे माणूस खिडकीतल्या झाडावर चिडलाय आणि राग फळावर काढतोय. घराघरांत असंच चालतं.

गोंधळ्या
सगळं वाचलं. दुधाचं काय ते कुणी सांगेल का? आमच्या घरी शिंक आली की पहिला पेला दुधाचा उचलला जातो.

कडूकारलं
दुधाने कफ वाढतो हे मीही वाढत्या वयात रोज ऐकलं. ऑस्ट्रेलियात 1990 साली साठ निरोगी माणसांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण केली, आणि रोज ती किती दूध पितात आणि नाकातून किती शेंबूड येतो याची नोंद ठेवली. (शेंबूड वजन करून मोजायचा. नोकऱ्या कसल्याकसल्या असतात!) दुधाचा आणि शेंबडाचा संबंध निघाला नाही. फक्त ज्यांचा दूध-कफ यावर आधीपासून विश्वास होता त्यांनी खोकला, दाटणं वगैरे लक्षणं जास्त सांगितली. दूध लाळेत मिसळलं की काही वेळ दाटसर थर घशात जाणवतो, त्यालाच आपण कफ म्हणतो. दुधाचीच खरी अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, पण ती मोसम बघून येत नाही.

गोंधळ्या
घरात हे वाचून दाखवलं. उत्तर आलं, "ऑस्ट्रेलियातलं दूध वेगळं असेल."

भोचकभवानी
ह्ये ह्ये ह्ये. गोंधळ्या, हा खटला तुम्ही हरलात.

तिरपागडा
मी पैसे घालवून शहाणा झालो, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत (नाव घेत नाही) रक्ताची 'अन्न-असहिष्णुता' तपासणी केली. गुळगुळीत कागदावर रंगीत अहवाल आला. हिरवे, पिवळे, लाल. लालमध्ये 38 पदार्थ. गंमत म्हणजे मी रोज जे खातो नेमकं तेच लाल. वर्षातून एकदा चुकून खातो ते सगळं हिरवं. चार महिने लाल यादी काटेकोर पाळली. सहा किलो वजन उतरलं, चिडचिड वाढली, बायकोने बोलणं कमी केलं. मोसम आला तेव्हा शिंका जागच्या जागी.

पेशीपुराण
तिरपागडा, तुमच्या रक्तात आयजीजी नावाचं प्रतिपिंड मोजलं असणार. ते अन्न तुमच्या ओळखीचं आहे एवढंच ते सांगतं, म्हणून रोजचं सगळं लाल. अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवायला ही तपासणी वापरू नये असं युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने 2008 मध्येच लिहून ठेवलंय. उपयोगी पडते ती त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातलं आयजीई, आणि तीही लक्षणांशी ताडून.

तिरपागडा
म्हणजे माझ्या जेवणाची हजेरी लावून दिली त्यांनी. तीही विकत.

सांजसावली
वाचते आहे. मुलाला (वय 7) हाच त्रास. कुणीतरी बी-पोलन, म्हणजे मधमाशीने गोळा केलेल्या परागकणांचे दाणे द्यायला सांगितलंय. 'नैसर्गिक आहे' म्हणे.

पेशीपुराण
देऊ नका. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्या दाण्यांनी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस झाल्याच्या नोंदी आहेत. मधमाश्यांच्या रॉयल जेलीच्याही आहेत. आणि मधाचा विषय निघालाच आहे तर, एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याच कारणासाठी नको, बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो.

खमंगा
मी रोज रात्री कॅमोमाइलचा चहा पितो, शांत झोप लागावी म्हणून. तो तरी सुरक्षित ना? नाही म्हणू नका प्लीज.

पेशीपुराण
रॅगवीड किंवा मगवर्ट या तणांची अ‍ॅलर्जी आहे का? कॅमोमाइल त्यांच्याच कुळातलं, सूर्यफुलाच्या.

खमंगा
आजपासून झोपेचा त्याग.

राखणदार
माझा अनुभव पेयातलाच, पण संध्याकाळचा. मोसमात एक ग्लास रेड वाइन आणि सोबत जुनं मुरलेलं चीज झालं की अर्ध्या तासात नाक चोंदतं. मोसम नसताना तेच चीज, तीच वाइन, काही होत नाही. दोन वर्षं नोंद ठेवली आहे. आडवातिडवा, माझ्या कावळ्याबद्दल काय म्हणणं आहे?

आडवातिडवा
तुमचा कावळा अभ्यासू दिसतो. दोन वर्षं, मोसमात आणि मोसमाबाहेर, म्हणजे ऐकून घ्यावं लागेल. पण वाइन आणि चीज कायम जोडीने बसतात, त्यातला गुन्हेगार कोण?

पेशीपुराण
मुरवलेल्या, आंबवलेल्या पदार्थांत हिस्टामिन तयार होतं. आतड्यातलं डीएओ नावाचं विकर ते मोडतं. काहींमध्ये हे मोडणं अपुरं पडतं असा विचार आहे, पण त्याचं निदान करायची भरवशाची चाचणी नाही, आणि हिस्टामिन टाळून सगळ्या शिंकणाऱ्यांना फायदा होतो असंही सिद्ध झालेलं नाही. दारूचं मात्र वेगळं. तिने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, अ‍ॅलर्जी असो वा नसो. आधीच सुजलेल्या नाकात एवढी भर पुरते. मी असतो तर चीज ठेवून ग्लास बाजूला केला असता.

राखणदार
आपण असता तर. :(

निवांत_नाक
तिखटाचं कुणीच कसं बोललं नाही? मिरचीने माझं चोंदलेलं नाक खटकन मोकळं होतं.

पेशीपुराण
मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या मज्जातंतूंना चेतवतं आणि पाणी सुटतं. त्यात अ‍ॅलर्जीचा संबंध नाही, आणि मोकळीक घटकाभराची.

कडूकारलं
कांदेवाल्यांसाठी एक अवांतर. कांद्यात आणि सफरचंदात क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ते हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशींना आवरतं, म्हणून त्याचा एवढा बोलबाला. जेवणातल्या कांद्याने नाकापर्यंत तेवढं पोचतं का, तर तसा भक्कम पुरावा नाही. पण वनस्पतीतून खरंच औषध निघाल्याची गोष्ट याच क्षेत्रात आहे. खेला नावाच्या झुडपातल्या खेलिनवरून 1960च्या दशकात सोडियम क्रोमोग्लायकेट हे दमा-अ‍ॅलर्जीचं औषध तयार झालं, आजही डोळ्यांच्या थेंबांत मिळतं. ते शोधणारे रॉजर अल्टून्यन स्वतः दमेकरी. गिनीपिगच्या केसा-कोंड्याचा अर्क हुंगून स्वतःला दमा आणायचे आणि मग नवनवीन रसायनं स्वतःवरच तपासायचे. अशी शेकडो तपासली तेव्हा कुठे एक हाती लागलं. नुसतं झुडूप चघळत बसले असते तर काही झालं नसतं.

सांजसावली
फळंभाज्यांनी मुलांना फायदा होतो असं मात्र मी वाचलंय. क्रीट बेटावरचा अभ्यास?

कडूकारलं
हो, 2007 चा. खेड्यांतली 690 मुलं, वय 7 ते 18. द्राक्षं, संत्री, सफरचंद, ताजे टोमॅटो रोज खाणाऱ्यांत शिट्टीसारखा श्वास आणि नाकाच्या तक्रारी कमी दिसल्या. पण हे निरीक्षण आहे. फळं खाणारी मुलं आणखीही पन्नास गोष्टी वेगळ्या करत असतील. आणि फायदा असलाच तर वर्षानुवर्षांच्या आहाराचा. आज द्राक्षं खाल्ली आणि उद्या शिंका थांबल्या, असं नव्हे.

निवांत_नाक
थांबा थांबा थांबा. मी मूळ धागा परत वाचला. शिंकेश्वर, तुम्ही फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या रसाबरोबर घेता???

मी औषधाच्या दुकानात अकरा वर्षं काढली आहेत. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांचा रस ही गोळी आतड्यातून रक्तात शिरू देत नाही. तिला आत नेणारी वाहक प्रथिनं असतात, रस त्यांची वाट अडवतो. गोळी पोटात जाते आणि बरीचशी तशीच बाहेर जाते. वेष्टणातल्या त्या घडीघडीच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं: फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबर घ्यावी. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटॅसिडही त्याच वेळी नको. सगळ्याच अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचं असं नाही, पण हिचं नक्की आहे.

रस कधीपासून सुरू केला?

शिंकेश्वर
...

गेल्या वर्षी. 'क जीवनसत्त्वाने अ‍ॅलर्जी कमी होते' असं एका हितचिंतकाने सांगितल्यापासून.

भोचकभवानी
इथे मी पॉपकॉर्न खाली ठेवले.

आडवातिडवा
शिंकेश्वर, आता कृपा करून एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी फक्त रस बंद, आठवडाभर बाकी सगळं जैसे थे. रोज सकाळच्या शिंका मोजता आहातच, तो आकडा आणि त्या दिवशीची परागकणांची पातळी वहीत लिहा.

शिंकेश्वर
अठरा दिवसांनी अहवाल देतो आहे.

डॉक्टरांकडे जाऊन टाळूच्या खाजेबद्दल सांगितलं. त्यांनी चाचणीआधी काही दिवस गोळी बंद ठेवायला लावली. मग टोचणी चाचणी केली आणि त्याच दिवशी गोळी पाण्याबरोबर पुन्हा सुरू केली. हातावर रांगेत थेंब, प्रत्येकावर एक टोचा, पंधरा मिनिटं बसून राहायचं. तुलनेसाठीचा हिस्टामिनचा थेंब सोडला तर बाकीचे गप्प आणि बर्चच्या जागी डास चावल्यासारखी टपोरी गांध. खिडकीतल्या तिघांची आठवण आली. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिलाय आणि पुढच्या वर्षी मोसमाच्या दोन आठवडे आधीपासून सुरू करा असं बजावलंय. कच्चं सफरचंद मोसमात बंद. शिजवलेलं त्यांना विचारून खाल्लं, टाळू गप्प. दूध, दही, केळं, गहू सगळं पूर्ववत.

सकाळच्या शिंका चौदावरून तीनवर.

आडवातिडवा
अभिनंदन! आता सांगा, रस, फवारा आणि सफरचंद यांतलं पहिलं काय बदललं आणि दुसऱ्याच्या आधी किती दिवस?

शिंकेश्वर
सगळं त्याच दिवशी. आणि त्या रात्री मुसळधार पाऊस पडला.

आडवातिडवा
मी हा धागा सोडतो आहे.

मधुमालती
शिंकेश्वर, त्या दिवसांत मध घेत होतात का, तेवढं सांगा.

शिंकेश्वर
शिजवलेल्या सफरचंदावर. एक चमचा.

मधुमालती
:)